सातवा घास

तक्त्यात शून्यच होतं. सप्टेंबरचा पहिला आठवडा शून्य, दुसरा शून्य, ऑक्टोबर शून्य, नोव्हेंबर शून्य. जानेवारी अर्धा सरला तरी चौथ्या खोऱ्याच्या रकान्यात एकाखाली एक शून्यंच उतरत गेली होती.

यामिनी चहा आणायला उठली आणि चहा न घेताच परत आली. पाय हलत होता, तो तिने हाताने दाबून धरला. सोडला की पुन्हा हलायला लागला. खिडकीबाहेर अमेरिकेतल्या ॲन आर्बरवर सकाळपासून बर्फ भुरभुरत होता. खाली बस-स्टॉपवर पोरं टोप्या ओढून, खांदे आखडून उभी होती. आणि हिच्या कानात जंगल होतं, मॉरिशसचं.

पीएचडीचं पाचवं वर्ष, आणि काम एकच, ऐकायचं. त्या बेटावर एक पोपट आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. हिरवागार, जाड आवाजाचा. नराची चोच लाल, मादीची काळी. तिथले लोक त्याला काटो म्हणतात. एके काळी सगळे मिळून दहा-बारा उरले होते. मग माणसांनी झाडांना लाकडी घरटी टांगली, पेट्यांतून दाणा घातला, उंदीर हाकलले, तेव्हा कुठे ते काही शेकड्यांवर गेले. आपल्याकडचा साधा पोपटही कधीतरी माणसांबरोबर तिथे जाऊन पोचलाय, आणि ढोल्यांवरून या बेटाच्या मूळ पोपटाशी भांडतो. दोघांचे आवाज वेगळे काढणं हे यामिनीच्या प्रोग्रॅमचं काम. खोऱ्याखोऱ्यांत रेकॉर्डर टांगलेले. आवाज इथे येणार, प्रोग्रॅम ऐकणार, तक्ता भरणार.

चौथ्या खोऱ्याचा तक्ता शून्य म्हणत होता आणि वही सहा म्हणत होती.

वही गिरिजाबाईंची, तिथे पेट्यांत दाणा घालणाऱ्या. गेल्या वर्षीच्या चक्रीवादळात दरड कोसळली, चौथ्या खोऱ्याची वाट वाहून गेली, फळझाडं उघडी-बोडकी झाली. तेव्हापासून तिथे त्या एकट्याच जात. मंगळवारी आणि शनिवारी, डोंगराच्या धारेवरून तीन तास चालून, पाठीवर दाण्याची पिशवी घेऊन. दर आठवड्याला वहीच्या पानाचा फोटो येई. ६. ५. ६. डिसेंबरच्या अखेरीला ७, आणि त्या सातापुढे पेन्सिलीने काढलेला एक छोटा गोल. म्हणजे पिल्लू.

“नोव्हेंबरमध्ये मी दोघांना पाठवलं होतं,” प्रीता म्हणाली. प्रीता या प्रकल्पाची प्रमुख. जन्म अमेरिकेतच, फ्रीमाँटचा, आईवडील सांगलीचे. मराठी सगळी कळे, बोलता बोलता मात्र इंग्रजीत शिरे. “दे व्हिसल्ड फॉर टू अवर्स. दाण्याला बोलावायची शिट्टी वाजवून वाजवून दमले. नथिंग.”

“गिरिजाबाई तेव्हा तापाने पडल्या होत्या ना?”

“एक्झॅक्टली. त्या नव्हत्या, तर बर्ड्स पण नव्हते.” प्रीताने खुर्ची वळवली. “यामिनी, आय लाइक हर. पण शी इज सिक्स्टी-थ्री. तीन तासांचा चढ. मला वाटतं त्या वर जातच नाहीत. घरी बसून वही भरतात. आय डोन्ट ईव्हन ब्लेम हर.”

“मग?”

“शुक्रवारी मीटिंग आहे. पेटी उतरवायची, दाणा दुसऱ्या खोऱ्यात द्यायचा. तिथे बर्ड्स आहेत, तुझाच टेबल सांगतो.”

“आणि वर असतील तर? पिल्लू नुकतं बाहेर पडलंय. झाडांना फळ नाही.”

“देन शो मी. एक आवाज दाखव. वन कॉल, दॅट्स ऑल.”

यामिनी जागेवर येऊन बसली. रेकॉर्डर तपासून झाला होता, चांगला चालत होता. खोरं खोल, सावलीचं, सौर पट्टीला ऊन मिळत नाही, म्हणून तो दाण्याच्या दिवशी फक्त सात ते साडेसात एवढाच जागा राहायचा. पक्षी यायचे तर तेव्हाच येणार. तरीही शून्य. पाय पुन्हा हलायला लागला.

संध्याकाळी बसमध्ये तिचा स्टॉप मागे गेला आणि कळलंही नाही. दोन स्टॉप बर्फातून चालत उलटी आली. घरी अस्मिता कांदा चिरत होती. अस्मिता नागपूरची, पब्लिक हेल्थ शिकायला आलेली. दोघी तीन वर्षं एकाच अपार्टमेंटमध्ये.

“काय करून राहिली बे? बूट घालूनच आत आली.”

यामिनीने बूट काढले, एक दारात, एक टेबलाखाली. भात लावायला घेतला आणि तांदूळ दोनदा मोजले.

“पोपटांनी खाल्लं का डोकं?”

“पोपट आलेच नाहीत, हाच तर वांधा आहे.” मग तिने सगळं सांगितलं. वही, शून्य, शुक्रवार. “एक म्हातारी बाई खोटं लिहितेय असं माझा तक्ता म्हणतो. आणि मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये.”

“शून्य म्हणजे कितीत शून्य?”

“म्हणजे?”

“अगं, आमच्याकडे एखादं गाव म्हणालं ना, आमच्यात एकही पेशंट नाही, तर आमची मॅडम पहिलं विचारते, तपासले किती? कोणी तपासलंच नसेल तर शून्यच येईल.” अस्मिताने डोळे बाहीने पुसले, कांद्याचे. “तू किती तास ऐकलं त्या खोऱ्याचं?”

यामिनी भाताकडे बघत राहिली. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.

“काय झालं?”

“किती तास ऐकलं, तो आकडा मी तक्त्यात घेतलेलाच नाही,” ती म्हणाली.

बुधवारी सकाळी आठला ती लॅबमध्ये होती. कोट न काढताच बसली. एक ओळ लिहिली, चालवली, आणि उत्तर आलं: चौथं खोरं, ऐकलेला वेळ, शून्य मिनिटं.

कारण तिलाच ठाऊक होतं. ती चूक तिच्याच हातची होती आणि चांगुलपणाने केलेली होती.

दोन वर्षांपूर्वी एका रेकॉर्डरखाली एक कामगार फोनवर रडला होता. नवरा-बायकोचं काहीतरी होतं. ते रडणं इथे, एवढ्या लांब, पाच जणांनी हेडफोनमधून ऐकलं. यामिनीला आठवडाभर जेवण गेलं नव्हतं. मग तिने स्वतः नियम घातला. माणसाचा आवाज क्षणभर जरी आला तरी आख्खी फाइल बाजूला. कोणी ऐकायची नाही, नव्वद दिवसांनी आपोआप पुसायची. बाकीच्या खोऱ्यांत दिवसभराचं रेकॉर्डिंग, शेकडो फाइली. दोन-चार गेल्या तर बिघडत नव्हतं. चौथ्या खोऱ्यात आठवड्याला दोनच. आणि त्या प्रत्येक फाइलमध्ये माणूस होता. प्रोग्रॅमला ऐकायला काही उरलंच नाही, आणि काही न उरल्यावर त्याने मुकाट्याने शून्य लिहिलं.

सव्वीस फाइली होत्या. सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या पुसून गेल्या होत्या. नऊ वाजता आणखी एक पुसली जाणार होती. यामिनीने आधी ते पुसणं थांबवलं. पासवर्ड दोनदा चुकला.

हेडफोन समोर होते. कानाला लावले की कळलं असतं. पण नियम तिचाच होता, आणि आतला आवाज तिचा नव्हता.

ॲन आर्बरला नऊ वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा. तिने फोन लावला.

“आलो?” तिकडचं हॅलो. आवाज बारीक, मागे कुठेतरी प्रेशर कुकर आणि कोंबडा.

“नमस्कार गिरिजामावशी. मी यामिनी. अमेरिकेतून बोलतेय, पोपटांच्या कामातली.”

पलीकडून, “तू मराठी?”

“हो. कराडची.”

“आयो. एवढी वर्षं कोणी सांगितलं नाही.” मग सावकाश, शब्द निवडत, “आमचे लोक रत्नागिरीचे. माझ्या आज्याचा आजा बोटीतून आला. माझी मराठी मोडकी हां. बैठकीत, आमच्या संध्याकाळच्या शाळेत, शिकलेली. घरात सगळे इथली क्रेओल बोलतात.”

“माझ्यापेक्षा चांगली आहे, मावशी.”

“खोटं बोलू नको. काम सांग.”

यामिनीने काम सांगितलं. फाइली आहेत, त्यांत माणसाचा आवाज आहे, तुमच्या परवानगीशिवाय मी ऐकणार नाही.

गिरिजाबाईंनी कुकर बंद केला.

“मी वर जात नाही असं म्हणतात ना तिकडे?”

“काही जण,” यामिनी म्हणाली.

“म्हणू दे. गुडघे माझे मला सांगतात मी कुठे जाते.” मग आवाज खाली आला. “पेटीपाशी बोलायचं नाही असा नियम आहे. फक्त शिट्टी वाजवायची. पक्ष्याला माणसाची सवय लागता कामा नये. मला ठाऊक आहे, सही केली मी त्याच्यावर. पण शिट्टी गेली दरडीत. दोनदा सांगितलं, पाठवतो म्हणाले. तोंडाने वाजवावी तर पुढचे दात नाहीत. आता ते वर बसून राहिले उपाशी, मी खाली उभी दाणा घेऊन. कशी बोलवू?”

“मग काय केलंत?”

“गायले.”

यामिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“गाणं ऐकवलंस तर मला काढतील. नाही ऐकवलंस तर पेटी काढतील.” गिरिजाबाई हसल्या, कोरडं. “शुक्रवारी ठरणार ना? नकुलने सांगितलं, आमच्या ऑफिसातला. चांगला पोर आहे, डोळ्याला डोळा देत नव्हता सांगताना.”

“मावशी, तुम्ही ठरवा. मी थांबते.”

“तू थांबशील, बाळ थांबेल का?” एक उसासा. “ऐक. पण पहिल्यांदा तू एकटी ऐक. आणि हसू नको, माझा गळा बसलेला आहे.”

यामिनीने दार लोटलं, हेडफोन लावले.

आधी पाणी. कुठेतरी खाली ओढा. मग पावलं, चिखलातली, आणि धाप. पिशवी टेकल्याचा आवाज. पेटीचं पत्र्याचं झाकण. दाणे सांडले, भरभर भरभर. आणि मग गळा, बसलेला, वरच्या स्वराला फाटणारा, पण तालाला पक्का.

पहिला गं माझा घास लाल चोचीच्या धन्याला
वाट वाहून गेली बाई, तरी आला न्याहारीला

आणि वरून, ओळ संपते न संपते तोच, जाड, दबका, ओळखीचा आवाज. काटो. यामिनी ताठ झाली. पंख फडफडले, पेटीवर नखं वाजली.

दुसरा गं माझा घास काळ्या चोचीच्या मालणीला
अंडी उबवून शिणली, जीव नाही थाऱ्याला

पुन्हा पंख. पुन्हा नखं. मग गाणं थांबलं, नुसता ओढा. मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. बाई गप्प उभी होती, कोणीतरी यायचं होतं. आलं.

तिसरा गं माझा घास लंगड्या माझ्या दिराला
सगळ्यांच्या मागून येतो, पुढे बसतो दाण्याला

यामिनीला हसू आलं. तिचं बालपण पिठात गेलं होतं. कराडला बाबांची गिरणी, दारात डब्यांची रांग, पट्ट्याचा धडधडाट. जातं तिने पाहिलं होतं ते एका हॉटेलच्या दारात, शोभेला ठेवलेलं. गिरणीच्या आवाजात कोण गाणार आणि कोण ऐकणार. आणि इथे, वीतभर बर्फ साचलेल्या गावात, एका दूरच्या डोंगरातून दळणाचा ठेका चालत आला होता. दळण मात्र नव्हतं. पाखरं होती.

मग तिच्या ध्यानात आलं, आणि ती उठून उभीच राहिली. हेडफोनची वायर ताणली गेली.

बाई पाखरू आल्याशिवाय घास गात नव्हती. पाखरू बसलं की घास, बसलं की घास. सहा घास झाले आणि गाणं संपलं. तिने वहीचा फोटो उघडला. त्या तारखेला, ६. पुढची फाइल. पाच घास. वहीत ५. पुढची. सहा, ६. ती एकामागून एक ऐकत गेली, उभ्यानेच, कोट अंगावर, घामाघूम. नोव्हेंबरमधली त्या दोघांची फाइल तिने उघडली नाही. उरलेल्या पंचवीस फाइली, पंचवीस आकडे. एकही चुकलेला नाही. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी बाईचा आवाज सातव्याला कापरा झाला:

सातवा गं माझा घास नव्या पंखाच्या बाळाला
आभाळ त्याला मोठं झालं, फांदी धरतो पडायला

आणि एक चिरका, हट्टी, खाऊ मागणारा आवाज. पिल्लाचा.

गुरुवारी तिने प्रीताच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला.

“गिरिजाबाईंची परवानगी घेतलीय. आधी ऐक, मग चूक सांगते. चूक माझी आहे.”

प्रीताने ऐकलं. पहिल्या आवाजाला तिची भुवई चढली. तिसऱ्या घासाला तिने पेन खाली ठेवलं. सातव्यानंतर कितीतरी वेळ हेडफोन काढले नाहीत.

“न्याहारी म्हणजे ब्रेकफास्ट ना?”

“हो.”

“माझी आई म्हणते. म्हणायची, आय मीन. आता ओट्स म्हणते.” मग ती सरळ बसली. “ओके. चूक सांग.”

यामिनीने सांगितली. न ऐकलेलं आणि नसलेलं, दोन्हींना तक्ता शून्यच लिहीत होता.

“आणि तुझ्या थीसिसचं सेकंड चॅप्टर याच टेबलवर आहे.”

“हो.”

“अजून किती शून्यं अशी आहेत?”

“माहीत नाही. सगळी तपासावी लागतील.”

“एप्रिलचा पीएचडी डिफेन्स होणार नाही, यामिनी.”

“माहीत आहे.” पाय हलत नव्हता. तिला स्वतःलाच नवल वाटलं.

प्रीताने डोळे चोळले. “मी त्यांच्याबद्दल काय बोलले होते, यू रिमेंबर?”

“हो.”

“विसरू नकोस. मलाही विसरू देऊ नकोस.” ती खिडकीकडे बघत म्हणाली, “पण गाणं थांबवावं लागेल. सॉरी. आय मीन इट. बाईच्या गळ्याला आलेलं पाखरू उद्या कोणाच्याही गळ्याला येईल. जाळं घेऊन कोणी गायलं तर?”

यामिनीला भांडायचं होतं. भांडायला जागा नव्हती. प्रीताचं खरं होतं, म्हणूनच ते टोचत होतं.

शुक्रवारी सकाळीच ठरलं. पेटी मार्चअखेर राहील, पिल्लू स्वतःचं स्वतः खायला लागेपर्यंत. गिरिजाबाई राहतील. शिट्टी पाठवायची, दोन शिट्ट्या पाठवायच्या. आधी शिट्टी आणि मग गाणं, मग गाणं हळूहळू कमी, मग नुसती शिट्टी.

तिकडच्या संध्याकाळी सहा वाजता फोन लागला.

“काढलं नाही ना?” गिरिजाबाईंनी आधीच विचारलं.

“नाही. पण गाणं—”

“कळलं. नकुल बोलला. पण शिट्टीने मोजू कसं गं? शिट्टी सगळ्यांना एकच.”

बोटांवर मोजा, ती म्हणाली. त्यावर बाई हसल्या. “बोटांनी दाणा घालते ना मी.”

पुढच्या मंगळवारी सकाळी फाइल येऊन पडली होती. तिकडे वादळी पाऊस होऊन शनिवारची फेरी बुडाल्याचं शनिवारीच कळलं होतं, आणि त्यानंतर यामिनीला एका जागी बसवत नव्हतं. शनिवार-रविवार तिने कपाट आवरलं, पुन्हा विस्कटलं, अस्मिताने शेवटी तिला दुकानातून मेथी आणायला पिटाळलं आणि ती कोथिंबीर घेऊन आली.

तक्त्यात आता नवी रांग होती, सगळ्यात आधी भरायची: किती ऐकलं. तिने हेडफोन लावले.

“मी गिरिजा,” आवाज रेकॉर्डरच्या अगदी जवळून, शाळेत पाठ म्हणावा तसा, “माझा आवाज ऐकायला परवानगी देते.” मग पावलं, पत्रा, दाणे. शिट्ट्या अजून पोचल्या नव्हत्या. गळा आणखीच बसला होता.

पहिला घास, धनी आला. दुसरा, मालण. लंगडा दीर आज तिसऱ्याऐवजी पाचवा आला आणि बाईने त्याला घासातच टोमणा मारला. सहा झाले.

मग गाणं थांबलं. ओढा फुगलेला होता, त्याचा घोगरा आवाज मागे भरून राहिला. झाडांवरून पाणी गळत होतं. सहा जण दाणा फोडत होते, कटकट, कटकट. बाई उभी होती. यामिनीला तिचं उभं राहणं ऐकू येत होतं. चिखलात एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर. खोकला, दाबलेला. पंचवीस मिनिटं झाली. सव्वीस. सातवा घास गायचा नव्हता, सातवं आल्याशिवाय.

“ये की रे,” बाई हळूच म्हणाली. गाण्यात नव्हे, नुसतं.

अठ्ठावीस मिनिटं. एक दाणा पत्र्यावर पडला. एकोणतीस. दूर, ओढ्याच्या पलीकडे, काहीतरी चिरकं वाजलं, की फांदीवर फांदी घासली. बाईने श्वास धरला.

साडेसात वाजले आणि रेकॉर्डर झोपला.

यामिनीने तक्ता उघडला. ऐकलं: तीस मिनिटं. आले: सहा. पिल्लाच्या रकान्यात तिने शून्य लिहिलं नाही. तो मोकळाच ठेवला. वहीचा फोटो अजून आला नव्हता. शनिवार चार दिवसांवर होता. बाहेर बसने दार उघडलं, पोरं चढली, दार मिटलं. तिने फाइल मागे ओढली, एकोणतिसाव्या मिनिटापाशी आणली, डोळे मिटले आणि पुन्हा ऐकू लागली.